डाव्या हाताचं अक्षर

खिलेश्वरीने माझ्या तोंडावर फुंकर मारली ती भर वर्गात, पेशीचे भाग सांगताना.

अकरावीची तोंडी परीक्षा चालली होती. आमची शाळा हिंदी माध्यमाची. मुलं ‘कोशिका झिल्ली, कोशिका द्रव्य, केंद्रक’ असं घोकून येतात आणि चौथ्या नावाशी अडकून छताकडे बघत बसतात. ही मात्र डोळे मिटून उभी राहिली, जराशी डोलली आणि एका सुरात, एका दमात म्हणत सुटली. शेवटाकडे वेग इतका वाढला की मला एकेक नाव वेगळं ऐकू येईना. शेवटचं नाव संपलं तशी ती पुढे झुकली आणि माझ्या तोंडासमोर ‘फूं’ केलं. टेबलावरची खडूची भुकटी उडून माझ्या चष्म्यावर बसली.

वर्ग हसून हसून लोळायचा बाकी राहिला. तिने डोळे उघडले आणि तोंडावर हात ठेवला.

“माफ करा जी, मॅडम. दोन्ही पाठ एकाच टायमाले करून राह्यली, तं मिसळून गेले.”

“दोन्ही म्हणजे काय काय?”

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “मॅडम, ते सापाचं विष उतरवते!”

मी तिला पूर्ण मार्क दिले. फुंकरीचे मार्क कापायचं कलम आमच्या नियमावलीत नव्हतं.

मी मूळची गोंदियाची, लग्न होऊन राज्याच्या सीमेपलीकडे, बालाघाटला आले. राजेगावच्या अलीकडच्या एका गावातल्या हायर सेकंडरीत मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. रोज सकाळची बस, संध्याकाळची बस. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथली माणसं मला अजून नमस्कार करतात आणि त्या नमस्कारांचं मला ओझं होतं. का, ते पुढे येईलच.

खिलेश्वरीच्या घरात सापाचा मंत्र चार पिढ्यांचा. तिचा आजा, सगळं गाव ज्यांना आबाजी म्हणायचं, पंचक्रोशीतला नावाजलेला गुनिया होता. गुनिया म्हणजे मंत्र टाकणारा, विष उतरवणारा. धानाच्या बांधीत रोवणी करताना, तणसाच्या ढिगात हात घालताना कोणाला चावलं की त्याला खाटेवर घालून आबाजींच्या अंगणात आणायचे. अडचण एवढीच झाली की आबाजींचे समोरचे दात पडले. मंत्रातली अक्षरं तोंडातून सरळ बाहेर पडली पाहिजेत, वारा सुटला की मंत्र फुका, असा नियम. दात पडले तसा म्हाताऱ्याने स्वतःच मंत्र टाकणं बंद केलं. कवळी बसवा म्हणून कोणी सुचवलं, तर म्हणाले, “दुसऱ्याच्या दातानं देवाले हाक मारू काय?”

मुलगा, म्हणजे खिलेश्वरीचा बाप, बोलताना अडखळायचा. नातू हुशार, त्याने घरातली कुजबूज ऐकली आणि त्याच आठवड्यात हैदराबादला कामाला निघून गेला. राहिली खिलेश्वरी. सोळा वर्षांची, बत्तीसच्या जवळपास दात, आणि स्वच्छ वाणी. पोरीला मंत्र द्यायचा की नाही यावर म्हणे दोन दिवस खल झाला. तिला विचारण्यावर दोन मिनिटंही गेली नाहीत. “मले कोणी विचारलंच नाही, मॅडम,” हे वाक्य ती इतक्या साध्या आवाजात म्हणायची की जणू भाजीत मीठ कमी पडलंय.

शिकवणीचा हंगाम जीवतीच्या अवसेपासून ऋषिपंचमीपर्यंत. महिनाभर रोज पहाटे तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आजा म्हणेल ते मागून म्हणायचं. आजाला दात नाहीत, त्यामुळे त्यांचा ‘स’ कधी ‘फ’ होई, कधी नुसती हवा. मूळ शब्द काय असेल याचा अंदाज हिने बांधायचा. “आबाजी बोलते ते पासष्ट टक्के, बाकी मी भरते,” ती म्हणायची. तिथून ओल्या केसांनी तशीच शाळेत. भौतिकशास्त्राच्या तासाला तिसऱ्या बाकावर एक ओली वेणी टेबलावर पसरलेली आणि तिच्या बाजूला झोपलेलं डोकं, हे दृश्य त्या दिवसांत सगळ्या मास्तरांनी मान्य करून टाकलं होतं.

मंत्र घेतलेल्याला पाळणूक असते. वेलाच्या मांडवाखालून जायचं नाही. आमच्या शाळेत नळाकडे जायच्या वाटेवर शिपायाने हौसेने वालाचा मांडव घातला होता. सगळी शाळा त्याखालून जायची, खिलेश्वरी मात्र मैदानाला पूर्ण वळसा घालून नळावर पोचायची आणि वळसा घालून परत यायची. पडवळ खायचं नाही. मंत्राचे पैसे घ्यायचे नाहीत, पैसे सोडा, त्या घरचा चहादेखील नाही. महिन्याचे ते चार दिवस मंत्र तोंडातून काढायचा नाही. “चारच दिवस मी सगळ्यांसारखी असते,” ती मला एकदा म्हणाली, आणि त्या चार दिवसांत ती खरंच वेगळी दिसायची. केसाला रिबीन लावायची, मैत्रिणींच्या मोबाईलवर गाणी बघत बसायची आणि शाळा सुटल्यावरही लवकर घरी जायची नाही.

सगळ्यात कडक नियम बोलावण्याचा. साप चावल्याचा निरोप आला की असेल तसं उठायचं. ताटातला घास ताटात, हातातलं काम हातात. नाही म्हणायची सोय नाही. मंत्र भर तासातून मुलीला उठवून नेतो हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला इतका संताप आला की निरोप्याला मी बाहेर उभं करून झापलं. खिलेश्वरीने शांतपणे दप्तर भरलं. “त्याले काहून बोलता, मॅडम? तो तं नुसता सायकल घेऊन आला.”

तिला काय व्हायचं होतं? डॉक्टर वगैरे काही नाही. “मले असं काम पाहिजे मॅडम, जिथं पाच वाजले का शटर खाली. मंग दुनिया इकडची तिकडे होऊ दे, आपण म्हणावं, उद्या या.” बँकेत, पोस्टात, कुठेही. शटर महत्त्वाचं. तिच्या वहीच्या मागच्या पानावर तिने शटर काढलेलं होतं, आडव्या रेघा आणि खाली कुलूप.

आणि त्या शटरची वाट आबाजींनी स्वतः मोकळी ठेवली होती. म्हातारा हट्टी असला तरी दुष्ट नव्हता. त्यांनी शब्द दिला होता: बारावी पास झालीस की मी नदीवर मंत्र परत घेईन, दुसऱ्या कोणाला देईन, तू बालाघाटला कॉलेजात जा. दिलेला मंत्र ज्याने दिला तोच परत घेऊ शकतो. म्हणजे खिलेश्वरीसाठी बारावी ही परीक्षा नव्हती, सुटका होती. तिला फक्त दोन वर्षं काढायची होती.

तिची वही हा मला नेहमीच अभ्यासाचा विषय वाटला. त्यात दोन अक्षरं होती. एक गोल, नेटकं, ओळीवर बसलेलं. दुसरं वाकडंतिकडं, उताराला लागलेलं, पहिलीतल्या पोराचं असावं तसं. मला वाटलं, गृहपाठ धाकट्या भावंडाकडून करून घेते. विचारलं तर म्हणाली, “माह्याच हातचं आहे जी. हे उजव्याचं, हे डाव्याचं.” विष बांधायची रीत अशी होती: रोग्याच्या कपड्याच्या दशीला किंवा काळ्या दोऱ्याला मंत्र म्हणत गाठ मारायची आणि विष उतरेपर्यंत ती गाठ उजव्या मुठीत धरून बसायचं. मूठ उघडली की विष सुटलं. आणि बसायचं म्हणजे तासन्‌तास. मग या मुलीने डाव्या हाताने लिहायची सवय केली. मी तपासायला वह्या घेतल्या की पानं चाळूनच कळायचं, या आठवड्यात किती जणांना साप चावला ते. एका श्रावणात तर अख्खं ‘मानव पाचनतंत्र’ डाव्या हाताचं होतं.

आता मी जीवशास्त्राची बाई. विषारी आणि बिनविषारी साप मी फळ्यावर काढून शिकवते. बरेचसे साप बिनविषारी असतात, म्हणून मंत्राने माणसं उठून बसतात. आणि जे उठत नाहीत त्यांना ‘उशिरा आणलं’ म्हणतात. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी खिलेश्वरीकडे पाहिलं. ती वहीत लिहून घेत होती. तास संपल्यावर व्हरांड्यात माझ्यामागे आली.

“मॅडम, तुमचं खरं आहे. मले माहीत आहे. मांगच्या शनिवारी एका बाईले घेऊन मी मूठ धरून बसली होती ना, मले आतून दिसून राह्यलं होतं, हे चालली. मी आबाजीले म्हटलं, गोंदियाले नेऊ. ते म्हणाले, मंत्रावर शंका घेतली का मंत्र रुसते.” तिचा आवाज अजिबात चढला नाही. “ते गेली जी. दोन लेकरं होते.”

मी तिच्या घरी गेले. आबाजींनी खाट टाकून दिली, पाणी दिलं, माझ्या माहेरची चौकशी केली आणि माझं सगळं भाषण मान हलवत ऐकलं. मग म्हणाले, “मॅडम, तुमचा दवाखाना खरा. पर लोक माह्या दारी येते. दारी आलेल्या माणसाले मी कोरा कसा पाठवू?” मी नमस्कार करून उठले. पण परतीच्या बसमध्ये मला एक युक्ती सुचली, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी खिलेश्वरीला म्हटलं, “मंत्राची शेवटची ओळ काय आहे गं?”

ती चपापली. मग म्हणाली, ओळ सांगता येत नाही, पण अर्थ असा की विषा, सात नद्यांपलीकडे जा.

“आबाजींचे दात नाहीत. पासष्ट टक्के ते म्हणतात, बाकी तू भरतेस. मग ही ओळ तू भर.”

चाचणी परीक्षेचे पेपर बाजूला सारून, स्टाफरूमच्या टेबलावर, आम्ही दोघींनी ती ओळ रचली:

‘विषा तुझी गाठ माझ्या मुठी,
सुई लागल्याबिगर गाठ नाही सुटी.’

यमक माझं. आयुष्यात मी रचलेली एवढीच कविता. एम.एस्सी., बी.एड. झालेल्या बाईने मंत्र रचला हे घरी नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला.

आबाजींना ओळ कळली. बहिरे थोडेच होते. खिलेश्वरीने मला नंतर सांगितलं, तळ्याच्या काठावर बसून त्यांनी ती दोनदा म्हणवून घेतली. मग म्हणाले, “माह्या आज्याच्या टायमाले सुई नव्हती. असती तं त्यानंही टाकली असती.” एवढंच. म्हाताऱ्याबद्दलचं माझं मत त्या दिवशी बदललं.

आणि मंत्र लागू पडला! आता चावलेला माणूस आला की खिलेश्वरी एका मिनिटात गाठ मारायची, मूठ वळायची आणि म्हणायची, विष बांधलं, पण सुई लागल्याशिवाय सुटणार नाही, गाडी काढा. मंत्राचंच सांगणं म्हटल्यावर कोण नाही म्हणतो? मोटारसायकल, ऑटो, ट्रॅक्टर, मिळेल त्यावर रोगी आणि त्याच्या शेजारी मूठ वळून ही, राजेगावचा पूल ओलांडून गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात. सुई टोचली की ती मूठ उघडून गाठ सोडायची आणि मिळेल त्या बसने घरी. वर्षभरात तिच्या हातचा एकही माणूस गेला नाही. मी स्टाफरूममध्ये मिरवले. विज्ञान लोकांपर्यंत कसं न्यावं यावर तालुक्याच्या प्रशिक्षणात दहा मिनिटं बोलले, अर्थात नाव न घेता.

पण यश आलं ते कोणाच्या नावावर? सुईच्या नाही. खिलेश्वरीच्या. ‘त्या पोरीची गाठ कधी फुकट जात नाही’ अशी कीर्ती झाली. जी माणसं पूर्वी एखादवेळी सरळ दवाखान्यात गेली असती तीही आता आधी हिच्या दारात येऊ लागली. बालाघाटकडून, नदीपलीकडून, कटंगीच्या बाजूनेसुद्धा फोन येऊ लागले. तिची वही डाव्या हाताची होत चालली. “मॅडम, आपल्या ओळीनं मले मोठं केलं,” ती एकदा म्हणाली आणि हसली. मीही हसले. तिच्या हसण्यात काय होतं ते तेव्हा मला दिसायला हवं होतं.

आमची चूक अगदी साधी होती. ओळीत आम्ही सुई घातली, पण गाठीच्या नंतर. गाठीशिवाय सुई लागते हे त्या ओळीत कुठेच नव्हतं.

बारावीचं वर्ष तिने नेट लावून काढलं. थंडीत साप कमी, म्हणून सगळा अभ्यास तिने थंडीत रेटला. बोर्डाचे पहिले तीन पेपर चांगले गेले. चौथा जीवशास्त्राचा. केंद्र आमच्याच शाळेत होतं. विषयाच्या शिक्षकाला त्या दिवशी वर्गात सोडत नाहीत, म्हणून मला फाटकावर बसवलं होतं. नऊला पेपर सुरू झाला.

साडेनऊच्या सुमारास मोटारसायकलवरून तिघं आली. मध्ये बसलेला रूपलाल, गावातलाच, तिशीतला, उन्हाळी धानाला पाणी देणारा माणूस. पुढे त्याचा भाऊ, मागे त्याला धरून त्याची बायको भागरता. पहाटे जमिनीवर झोपला असताना पायाला काहीतरी लागलं, म्हणाले. सूज नाही, दुखणं नाही, फक्त पोटात कळ. आधी खिलेश्वरीच्या घरी गेले, तिथे कळलं की ती पेपरला आहे.

“गोंदियाला न्या, आत्ता,” मी म्हटलं.

“हौ जी मॅडम, निघालोच. तेवढी गाठ बांधून देऊ द्या,” भागरता म्हणाली. “एका मिनिटाचं काम आहे जी. खिडकीतून दिली तरी चालते.”

“परीक्षा चालू आहे. कोणालाही बोलावता येत नाही.”

“दोरा मी आणला आहे, मॅडम.” तिने खरंच मुठीतला काळा दोरा दाखवला.

मला वाटलं, या मुलीचे तीन तास तरी कोणीतरी राखले पाहिजेत. मी फाटकाला कडी घातली आणि कडक आवाजात, वीस वर्षांच्या मास्तरकीच्या आवाजात, सांगितलं की गाठ-बीठ काही लागत नाही, सरळ दवाखान्यात जा, एक मिनिट घालवू नका. रूपलाल माझ्याकडे बघत होता. त्याच्या पापण्या जड होऊन अर्ध्या मिटल्या होत्या. मला वाटलं, पहाटेपासून झोप नाही बिचाऱ्याला.

मण्यार चावली की सूज येत नाही, दुखत नाही, आणि पापण्या गळायला लागतात. हे मी दर वर्षी शिकवते. आकृतीसकट.

त्यांनी मोटारसायकल वळवली. मला वाटलं गेले. पण दहाच्या सुमारास घोटभर चहा घ्यायला मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं, तेव्हा भिंतीपलीकडे कडुलिंबाखाली एक मोटारसायकल उभी दिसली. मी ती पाहिली. कोणा दुसऱ्याची असेल असं मनाशी म्हटलं आणि आत आले. हे वाक्य मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

बाराला घंटा झाली. खिलेश्वरी सगळ्यांत पुढे पळत आली. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

“मॅडम! मस्त गेला! पूर्ण पेपर उजव्या हातानं लिहला, एक बी प्रश्न सोडला नाही!”

तेवढ्यात भिंतीपलीकडून भागरताने हाक मारली. ती हाक मला अजून ऐकू येते.

झाडाखाली त्यांनी त्याला आडवं केलं होतं. बोलणं बंद झालं होतं, श्वास घरघरत होता. खिलेश्वरीने दोन पावलांत अंतर कापलं, दोरा घेतला, गाठ मारली, मूठ वळली. खरंच एक मिनिट लागलं, त्याहून कमीच. केंद्रावरची जीप मिळाली. ती त्याच्या शेजारी बसली. जीप राजेगावच्या पुलावर पोचायच्या आधी रूपलाल गेला.

सकाळी मी खिडकीतून दोरा आत जाऊ दिला असता तर पावणेदहाला ते निघाले असते आणि साडेदहाला सुई लागली असती. मी नियम पाळला, विज्ञानही पाळलं, आणि माणूस गेला. याचं काय करायचं हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. उजवी मूठ मिटलेली होती. मला आधी कळेना.

“मॅडम, तुम्ही मले सांगितलं काहून नाही?” एवढं विचारलं. मी काय बोलले ते आठवत नाही, काहीतरी परीक्षेबद्दल बोलले असेन. तिने ऐकून घेतलं. मग मूठ पुढे केली.

“आता हे कशी सोडू? त्याले सुई लागलीच नाही. सुई लागल्याबिगर गाठ नाही सुटी. ओळ तुमची आहे जी.”

“खिलू, उघड ती मूठ. काही होत नाही गं.”

“हौ मॅडम, काही नाही होत. मले माहीत आहे. तो तं गेला.” तिने मूठ आणखी पुढे केली. “पर सांगा ना, कशी?”

मी तिच्या मुठीवर हात ठेवला. बोटं गार होती. मी शिक्षक आहे, मला प्रश्नांची उत्तरं येतात असा माझा समज होता. मी तिथे उभी राहून रडले आणि तिने डाव्या हाताने मला पाणी आणून दिलं, मैदानाला पूर्ण वळसा घालून.

दोन दिवसांनी रसायनशास्त्राचा पेपर झाला. तो तिने मिटलेल्या मुठीने, डाव्या हाताने लिहिला. डावा हात हळू चालतो. वेळ संपली तेव्हा अर्धा पेपर कोरा होता. रसायनशास्त्रात ती नापास झाली. जीवशास्त्रात तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते.

मूठ उघडली ती रूपलालच्या दहाव्याला, नदीवर. भागरताने स्वतः तिची बोटं एकेक करून सरळ केली, दोरा काढला आणि पाण्यात सोडला. मी दूर काठावर होते. भागरता परत जाताना माझ्याजवळ थांबली, “येते जी मॅडम,” म्हणाली आणि नमस्कार केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुरवणी परीक्षा पावसाळ्यात येते. पावसाळ्यात साप. तिला पेपरच्या दिवशी बोलावणं आलं आणि ती गेली. पुढच्या वर्षी मी प्राचार्यांच्या हातापाया पडून फाटकावर सांगून ठेवलं की निरोप आला तर तिला लगेच सोडायचं. निरोप आला, तिला सोडलं. अर्ध्या पेपरातून उठून गेली. त्या वर्षीच्या थंडीत आबाजी झोपेतच गेले. मंत्र ज्याने दिला तोच परत घेऊ शकत होता. आता परत घ्यायला कोणी उरलं नाही.

त्यानंतर माझी बदली बालाघाटला झाली. निरोपसमारंभात ती दिसली नाही. फाटकावरच्या मुलीने सांगितलं, ती आली होती, पण मोबाईल वाजला.

मी तिला शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी. भाचीच्या लग्नासाठी गोंदियाला निघाले होते. राजेगावच्या पुलाच्या तोंडाशी धानाने भरलेला ट्रक बंद पडला होता, आमची बस त्याच्या मागे आणि बसच्या मागे एक ऑटो भोंगा वाजवत होता. मी खिडकीतून मागे वाकून पाहिलं. ऑटोत एका मुलीच्या मांडीवर एका म्हाताऱ्याचं डोकं होतं आणि त्या मुलीची उजवी मूठ मिटलेली होती.

मी खाली उतरले. मी काय काय ओरडले मला ठाऊक नाही. ड्रायव्हरला बस बाजूला घ्यायला लावली, ट्रकवाल्याच्या हमालांना धक्का मारायला लावला, लग्नाची साडी चिखलात गेली. त्या सकाळी फाटकावर जे करायला हवं होतं ते मी दोन वर्षं उशिरा, पुलावर, दुसऱ्याच माणसासाठी केलं. ट्रक हातभर सरकला. ऑटो माझ्या अंगाला घासून पुढे गेला.

खिलेश्वरीने मला पाहिलं. ओठ हलत होते, मंत्र चालू असावा. फक्त डावा हात बाहेर काढून हलवला. त्याच्या पहिल्या दोन बोटांना निळी शाई लागलेली होती, आणि सीटवर तिच्या शेजारी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडं पडलं होतं.

मी बसमध्ये येऊन बसले. शेजारच्या बाईने साडीवरचा चिखल पुसायला रुमाल दिला.

“कोन होती जी ते पोरगी?”

“माझी विद्यार्थिनी.”

“काय शिकते?”

“बारावी,” मी म्हटलं.

“आँ? एवढी मोठी दिसते. अजून बारावीच?”

“हो,” मी म्हटलं. “अजून.”